वाऱ्याचा परवाना

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. सोलापूर सोडून जर्मनीतल्या कोलोनला निघताना बाबांनी आईला न सांगता ट्रंकेच्या तळाशी, गिरणी कामगारांसाठी स्वतः लिहिलेल्या जुन्या पत्रकांचा एक गठ्ठा घातला. त्याला जागा करताना माझी अंकलिपी बाहेर राहिली आणि काकांच्या घरीच विसरली गेली. बाबांचं त्या गठ्ठ्याशिवाय चालत नसे, आणि मला वाचायला दुसरं काही नव्हतं. त्यामुळे माझा क कमळाचा नव्हता, कामगारांचा होता. ग गिरणीचा, भ भोंग्याचा, ज जाहीर सभेचा. सहाव्या वर्षी मला ‘निषेध’ लिहिता यायचं आणि ‘भेंडी’ लिहिता यायचं नाही. भेंडी कोलोनला मिळतही नव्हती.

बाबा कापडाच्या रंगांवर संशोधन करत होते. आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. शेजारचा प्लॉट युद्धात पडलेल्या घराचा होता, तिथे विटांच्या ढिगावर पिवळी फुलं उगवायची. शाळेत जर्मन आणि घरात मराठी असा नियम होता. मी तो पाळत नसे. आईने विचारलं, “जेवलीस का गं?” की मी म्हणायचे, “या,” म्हणजे जर्मनमधलं हो. बाबांना राग आला तर ते बहिरे व्हायचे. मराठीत बोलेपर्यंत मी खोलीत नाहीच, असं वागायचे.

ही गोष्ट मी दहा वर्षांची असतानाची आहे. साठीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं.

नाताळच्या आधीच्या आठवड्यांत तिथली थिएटरं लहान मुलांसाठी परीकथेचं नाटक लावतात, आणि शाळाच्या शाळा ते बघायला जातात. आदल्या वर्षी आम्हीही गेलो होतो. नाटक काय होतं ते मला तेव्हाही नीट कळलं नाही. मला आठवतो तो शेवट. पडदा पडला आणि पुन्हा उघडला. सगळे नट हातात हात घालून एका रांगेत उभे होते. राजाचं काम करणारा धिप्पाड माणूस आणि उंदीर झालेली चिमुरडी मुलगी, दोघांचे हात एकमेकांत. मग ती सबंध रांग एकदम वाकली. पत्रकांत ज्याला ‘एकजूट’ म्हणतात ती मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. घरी येताना मी ठरवलं, मला त्या रांगेत उभं राहून वाकायचंय. नाटकात काय व्हायचं ते नंतर बघू.

दुसऱ्या वर्षी थिएटरचा दिग्दर्शक स्वतः आमच्या शाळेत आला. गळ्यात मफलर गुंडाळलेला सडपातळ माणूस. त्या वर्षीच्या नाटकात एक पाववाला होता, आणि त्याची टोपी पळवणारा वारा. “मला वारा पाहिजे,” तो म्हणाला. “व्यायामशाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं. पण पायांचा आवाज आला की बाद.”

मुलं धाडधाड पळाली आणि बाद झाली. मी पळाले आणि कुणाला काही ऐकू आलं नाही. यात माझी कर्तबगारी नव्हती. आमच्या इमारतीत दुपारी एक ते तीन शांतता पाळायचा नियम होता आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाई तो काठी आपटून पाळायला लावायच्या. चार वर्षं मी लाकडी जिना बूट हातात धरून उतरत होते. दिग्दर्शकाने मला दुसऱ्यांदा पळायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, “गेनाऊ! अगदी बरोबर! हाच वारा.”

मी एक अर्ज घेऊन घरी आले. पालकांच्या सहीसाठी खाली जागा होती.

बाबांनी चष्मा लावून तो वाचायला घेतला. पहिल्या ओळीवरच थांबले. अर्जाचं नाव लांबलचक होतं: शाळकरी वयाच्या मुलाला रंगमंचावर कामाला लावण्यासाठीची गेनेमिगुंग. म्हणजे परवाना.

“कामाला,” बाबा म्हणाले. “मुलाला कामाला लावायचं. आणि त्याखाली मी सही करायची?”

“अहो, ती काय गिरणीत चाललीय का?” आई म्हणाली. “नाटकात वारा होणार आहे.”

“नाटक कंपनीच्या मालकालाही मालकच म्हणतात.”

“आबर बाबा—” मी म्हटलं. आबर म्हणजे पण.

“मराठीत.”

पण रागात मला मराठी सुचेना. बाबा उठले, ट्रंक उघडून एक पाकीट घेऊन आले, आणि त्यातला कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला. पोस्टकार्डाएवढा, तपकिरी, घडीवर फाटलेला. तो मी आधी कधी पाहिला नव्हता.

बाबा नवव्या वर्षी सोलापूरच्या एका गिरणीत लागले होते आणि पुढे रात्रशाळेतून शिकले, हे मला माहीत होतं. कसे लागले, ते त्या दिवशी कळलं. कायद्याने बारा वर्षांखालचं मूल घेता येत नसे. वय ठरवायला डॉक्टर यायचा, आणि तो दात बघायचा. बैलबाजारात बघतात तसे. खात्यातल्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, रांगेतल्या पोरांना आधीच पढवून ठेवलं होतं, तोंड मोठं उघडा. “माझे पक्के दात लवकर आले होते,” बाबा म्हणाले. “म्हणून एका मिनिटात मी तीन वर्षांनी मोठा झालो. हा त्याचा दाखला. वय बारा. हा माझा अंगठा. दाखला खिशात नसेल तर दरवाज्यावरून हाकलायचे. पाच तासांनी मुलांना सोडायचं, असा नियम होता. भोंगा व्हायचा. पण जॉबर म्हणायचा, ‘पाच मिनिटांनी काय होतंय रे?’ त्याची पाच मिनिटं अंधार पडेपर्यंत चालायची.”

आई सांडशी हातात धरून ऐकत होती.

“ज्या गोष्टीला परवाना मिळतो ती बंद होत नाही, ती चालू राहते,” बाबा म्हणाले. “मी कुणाच्या पोराच्या असल्या कागदावर सही करणार नाही असं ठरवलंय. माझ्या पोरीच्या तर नाहीच.”

परवान्याबद्दलचं ते वाक्य त्यांच्याच एका पत्रकातलं होतं. मला ते पाठ होतं. म्हणून जास्त संताप आला. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नव्हतं, आणि तरी रांग मला हवी होती.

मला माहीत असलेला एकच मार्ग उरला होता. मी पत्रक काढलं. मराठीत काढलं, कारण जर्मन पत्रक बाबांना ऐकू आलं नसतं. वहीच्या मधल्या जोडपानावर, तांबड्या शाईने:

“बंधू-भगिनींनो! एका दहा वर्षांच्या मुलीला रांगेत उभं राहण्याचा हक्क नाकारण्यात येत आहे! का? तर तिच्या वडिलांना नवव्या वर्षी जबरदस्तीने रांगेत उभं केलं होतं म्हणून! अन्याय गिरणीने केला, शिक्षा वाऱ्याला का? निषेध! निषेध! निषेध!”

खाली सही: “दडपलेला वारा.”

चिकटवायला मैद्याची खळ आईने शिजवून दिली. कशाला हवी, ते तिने विचारलं नाही. सोलापुरात तिने अशा खळीची पातेलीच्या पातेली शिजवली होती.

सकाळी बाबा दाढी करायला गेले. न्हाणीघराच्या दारावर पत्रक होतं. गालांना साबण लावून ते दारात उभे राहिले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मी अंथरुणातून एका डोळ्याने बघत होते.

“हे कुणी काढलंय?” त्यांनी विचारलं.

“खाली सही आहे,” आई स्वयंपाकाच्या ओट्याकडून म्हणाली.

“सुरुवात बरी आहे. पण यात मागणी कुठाय?” बाबा दाराशी बोलल्यासारखे बोलले. “नुसत्या निषेधाला लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. काय पाहिजे ते लिहायला हवं. कुणाकडून पाहिजे तेही.”

“तुमच्याकडून पाहिजे,” मी पांघरुणातून म्हटलं.

“मी काय मालक आहे?”

“आज तरी आहात,” आई म्हणाली.

बाबांनी एक गाल केला, दुसरा केला, तोंड धुतलं. मग टॉवेल खांद्यावर टाकून आले. “नियम वाचल्याशिवाय निषेध करायचा नाही, हे मीच तुला शिकवलं. आणि काल मी पहिल्या ओळीवर थांबलो. अर्ज आण. ज्या कचेरीत हे चालतं तिथे जाऊन नियम विचारू. मग नाही म्हणायचं असेल तर नीट नाही म्हणता येईल.”

कचेरीच्या लांब कॉरिडॉरला मेणाच्या पॉलिशचा वास होता. ज्या बाईंसमोर आम्ही बसलो त्या पन्नाशीच्या असतील, करडे केस, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. त्यांच्यासमोर बाबा असे बसले जसे मालकाशी वाटाघाटींना बसत असतील, पाठ ताठ आणि टोपी मांडीवर.

बाईंनी एकेक सांगितलं. शाळेचं पत्र लागेल, अभ्यास बुडणार नाही असं. डॉक्टरांचा दाखला लागेल. आई-वडिलांची लेखी संमती. शाळेच्या वेळेत तालीम नाही. मध्ये विश्रांती. मुलांवर लक्ष ठेवायला एक मोठं माणूस. “आणि या वयाला संध्याकाळी सातच्या पुढे मी देत नाही,” त्या म्हणाल्या. “कुणालाच देत नाही.”

“आणि परवाना मुलीने कुठे ठेवायचा?” बाबांनी विचारलं.

बाईंना प्रश्न कळला नाही. “मुलीने? मुलगी कशाला ठेवेल? परवाना थिएटरच्या नावाचा असतो. अटी त्यांना असतात. मी कधीही गेले की त्यांनी मला तो दाखवायचा.”

“त्यांनी सातला सोडलं नाही तर?”

“तर परत घेते. मागच्या वर्षी एकाचा घेतला.”

“कुणाचा? मुलाचा?”

“सर्कसवाल्याचा,” बाई म्हणाल्या. “अहो, मुलाचं काय घ्यायचं असतं?”

बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून ते पाकीट काढलं. त्यांनी ते बरोबर आणलंय हे मला माहीत नव्हतं. तपकिरी कागद त्यांनी बाईंपुढे सरकवला आणि तो काय आहे ते थोडक्यात सांगितलं. बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला, फाटेल म्हणून जपून. समोरून पाहिला, उलटून पाहिला, पुन्हा समोरून.

“मालकाची सही कुठाय?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग यात बांधलेलं कोण आहे?”

“मी,” बाबा म्हणाले.

बाईंनी कागद घडीवर घडी घालून परत दिला. अंबाड्यातली पेन्सिल काढून त्यांनी आमच्या अर्जावर मालकाच्या सहीच्या जागेभोवती गोल काढला आणि अर्ज आमच्याकडे वळवला. “ही आधी,” त्या म्हणाल्या. “तुमची नंतर.”

नियमांची टिंगल करणाऱ्यांशी माझं आजही पटत नाही. लाल फीत म्हणून हसतात. मी त्यांना विचारते, फीत कुणाच्या हाताला बांधलीय ते बघितलंत का? दहाव्या वर्षी मला हे शब्दांत सांगता आलं नसतं. पण बाहेर पडताना बाबांनी कॉरिडॉरमध्ये टोपी उलटी घातली आणि ते त्यांना ट्रॅममध्ये बसेपर्यंत कळलं नाही, एवढं मी पाहिलं.

डॉक्टरकडे मात्र ते पुन्हा ताठ झाले. डॉक्टरांनी माझं वजन केलं, छाती तपासली आणि म्हणाले, “तोंड उघड.” बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. डॉक्टरांनी दिवा धरून पाहिलं. “दोन दाढा अजून दुधाच्याच आहेत,” ते म्हणाले. “वजनही कमी आहे. रोज तालीम नको. एक दिवसाआड, तसं लिहून देतो. आणि हिला काहीतरी गरम प्यायला द्यायला सांगा.”

ट्रॅमच्या थांब्यावर बाबांनी दोघांसाठी गरमागरम पाव घेतले. रस्त्यात खाणं त्यांना आवडत नसे. “वय कमी करणारा डॉक्टर,” ते तोंडात घास असताना म्हणाले, “मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.”

त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर संमतिपत्र लिहायला बसलो. दुसऱ्या कुणी दोन ओळी लिहून सही केली असती. आमच्या घरात तसं जमणारं नव्हतं. बाबांनी वर लिहिलं, ‘आमच्या मागण्या,’ आणि आकडे घालायला घेतले. एक: एक दिवसाआड तालीम. दोन: डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गरम दूध, आणि एकटीला नव्हे तर सगळ्या मुलांना. तीन: अभ्यासाला टेबल आणि दिवा.

“ते डुकराचं वुर्स्ट, सॉसेज, खायला देऊ नका म्हणावं,” आई म्हणाली. “लिहा ना अहो.” ती चौथी झाली.

सातवी मागणी माझी. सात वाजता सोडायचं हे परवान्यात होतंच, पण मला ते पुरेसं झणझणीत वाटत नव्हतं. मी लिहिलं: “सात म्हणजे सात! एक मिनिटही पुढे चालवून घेतलं जाणार नाही!!!” बाबांनी तीन उद्गारचिन्हांकडे अभिमानाने पाहिलं. मग त्यांनी सगळं जर्मनमध्ये उतरवलं आणि खाली सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. आईने नंतर तो टाक पुसून वेगळा ठेवला.

दिग्दर्शकाने ते दोन पानी संमतिपत्र उभ्या उभ्या वाचलं. “हा संप आहे का?” त्याने बाबांना विचारलं.

“संप नंतर,” बाबा म्हणाले. “आधी मागण्या.”

तो खळखळून हसला, आणि त्याने ती पानं मागच्या दाराशी नोटीस बोर्डावर टाचली. दुसऱ्या तालमीपासून मोठ्या किटलीतून दूध यायला लागलं. मला वाटलं होतं मुलं माझी मिरवणूक काढतील. पण दुधावर जाड साय यायची, आणि आधी मिळणारं लिंबाचं सरबत बंद झालं. पाववाल्याच्या मुलीचं काम करणारी मुलगी रोज आपला पेला माझ्यापुढे सरकवायची. “घे वाऱ्या, तुझी मागणी तूच पी!” नेत्याला काय सोसावं लागतं ते मला तेव्हा कळलं.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारपासून बर्फ पडत होतं. नाटक साडेचारला सुरू होऊन पावणेसातला संपायचं होतं. पण ट्रॅम अडकल्या, दोन शाळांची मुलं वाटेतच होती आणि पडदा वीस मिनिटं उशिरा उघडला. मी विंगेत उभी राहून बोटांवर हिशोब केला: शेवट सातच्या पुढे जाणार होता. बाकीची मुलं वयाने मोठी होती, त्यांना सातची अट नव्हती.

मी टोपी पळवली. सभागृहातली मुलं ओरडली, “तिकडे गेला! वारा तिकडे गेला!” मला पायांचा आवाज नव्हता, फक्त माझ्या निळ्या झग्याचा होता. शेवटच्या प्रवेशात मी टोपी पाववाल्याच्या दारात परत ठेवली आणि विंगेत आले. आता माझं काम एवढंच राहिलं होतं, पडदा पडेपर्यंत थांबायचं आणि रांगेत जायचं.

माझ्यावर लक्ष ठेवणारं मोठं माणूस म्हणून बाबांनी स्वतःचंच नाव दिलं होतं. ते विंगेत एका स्टुलावर बसले होते, हातातलं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलेलं. सातला दोन मिनिटं कमी होती. रंगमंचावर पाववाल्याचं शेवटचं गाणं अजून अर्ध्यावर होतं. बाबा घड्याळाकडे बघत नव्हते. ते रंगमंचावरच्या उजेडाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं जसं मी गठ्ठ्यातल्या कुठल्याही पत्रकात पाहिलं नव्हतं.

सात वाजले. मी त्यांच्या बाहीला हात लावला.

त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. माझा झगा, माझे बूट नसलेले पाय. “थांब,” ते कुजबुजले. “वाकून ये. पाच मिनिटांनी काय होतंय?”

मला जायचं होतं. वर्षभर दुसरं काही मागितलं नव्हतं. गाण्याचं शेवटचं कडवं सुरू झालं होतं, दोन पावलांवर उजेड होता. पण सातवी मागणी माझ्या अक्षरात होती, तीन उद्गारचिन्हं घालून.

“बाबा,” मी मराठीत म्हटलं, “जॉबर हेच म्हणायचा ना?”

बाबांचे खांदे हलायला लागले. तोंडावर हात दाबून ते हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनी माझा कोट धरला, मी त्यात हात घातले, बूट चढवले. नोटीस बोर्डाजवळून आम्ही बाहेर बर्फात आलो. मागचं दार बंद झालं आणि भिंतीपलीकडे टाळ्या सुरू झाल्या. मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. बाबांनी मला थांब्यापर्यंत कडेवर नेलं. एवढ्या मोठ्या मुलीला. वाटेत ते एकदाच बोलले. “मागणी चांगली होती,” ते म्हणाले. “मागणीत खोट नव्हती.”

पुढच्या प्रयोगाच्या दिवशी मागच्या दाराशी फळ्यावर प्रयोगाची वेळ बदललेली होती. साडेचार खोडून चार केले होते आणि बाजूला दिग्दर्शकाने खडूने लिहिलं होतं, “वाऱ्याच्या आज्ञेवरून.” बाहेरच्या जाहिरातींवरही नव्या वेळेच्या पट्ट्या डकवल्या होत्या. पाववाल्याच्या मुलीने त्या दिवशी आपलं दूध स्वतः प्यायलं, साय काढून.

साडेसहाच्या आत पडदा पडला. पुन्हा उघडला तेव्हा मी रांगेत होते. डाव्या हातात पाववाल्याचा पिठाळलेला पंजा, उजव्या हातात त्याच्या मुलीचा चिकट हात. आम्ही वाकलो. वर येताना तिसऱ्या ओळीत मला करडा अंबाडा आणि त्यातली पेन्सिल दिसली. बाजूचे सगळे टाळ्या वाजवत होते, कचेरीतल्या त्या बाई नव्हत्या. त्यांनी आधी बाही मागे सारली, उजेडाकडे मनगट धरून घड्याळ पाहिलं, आणि मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या.